दुसऱ्या घरांनी शिकवलेलं वेळापत्रक

एएलएसचं, म्हणजे मोटर न्यूरॉन डिसीज या गटातल्या, स्नायूंची ताकद घेत जाणाऱ्या आजाराचं, निदान झालं की घरातला पहिला प्रश्न असतो, "औषध काय?" डॉक्टर चिठ्ठीवर रिल्यूझोल लिहून देतात आणि तो विषय दहा मिनिटांत संपतो. त्यानंतर घरात जे प्रश्न पडत राहतात ते सगळे 'कधी'चे असतात. मास्कमधून श्वासाला मदत करणारा बायपॅप कधी आणायचा, पोटात नळी कधी बसवायची, बँकेत सहीऐवजी अंगठा कधी लावून घ्यायचा, आवाज कधी रेकॉर्ड करून ठेवायचा. यातली जवळपास प्रत्येक गोष्ट गरज पडायच्या महिना-दोन महिने आधी करावी लागते. गरज पडल्यावर धावाधाव केली तर तिचा त्रास दुप्पट होतो, नाहीतर ती होतच नाही. हा आजार घेऊन मुंबईत राहणारी जी घरं एकमेकांच्या ओळखीची झाली, त्यांनी एकमेकांना सांगत-विचारत हे वेळापत्रक जमवलं आहे. आम्ही त्यातलेच. डोस, मशीनवरचे आकडे आणि ऑपरेशनचे निर्णय डॉक्टरांचे. पण घर कसं चालवायचं हे घरांनाच माहीत असतं.

मेंदूतून आणि मज्जारज्जूतून स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या पेशी, म्हणजे मोटर न्यूरॉन, या आजारात एकेक करून मरत जातात. हुकूम येत नाही म्हणून स्नायू वाळतात. स्पर्श, दुखणं, दिसणं, ऐकणं शाबूत राहतं. डोळ्यांची हालचाल आणि लघवी-संडासवरचा ताबा बहुतेकांचा अगदी उशिरापर्यंत टिकतो. लक्षणं दिसायला लागल्यापासून साधारण दोन ते पाच वर्षं, असा हिशोब सांगितला जातो. दहातला एखादा दहा वर्षांपलीकडेही जातो. पेशंटपासून निदान लपवायचं, अशी आपल्याकडे पद्धत आहे. आमचं मत याच्या ठाम विरोधात आहे. नळी घ्यायची की नाही, मशीनवर किती काळ राहायचं, हे निर्णय ज्याच्या शरीराचे आहेत त्यालाच अंधारात ठेवलं, तर पुढे त्याची वाचा गेल्यावर विचारणार कसं?

निदानापर्यंतची वाट बहुतेकांची सारखी असते. चप्पल पायातून निसटते, शर्टाचं बटण लागत नाही, कुलपात किल्ली फिरत नाही. माणूस हाडांच्या डॉक्टरांकडे जातो. चाळिशीनंतर मानेच्या एमआरआयमध्ये काही ना काही दिसतंच, त्यामुळे मणक्याची गादी सरकल्याचं सांगितलं जातं आणि महिने फिजिओथेरपीत जातात. काहींचं तर मणक्याचं ऑपरेशनही होतं. बोलणं जड होऊन सुरुवात झाली असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे खेपा होतात. असं करत वर्षभर सहज जातं. ओळखायची खूण अशी की ताकद जाते, स्नायू बारीक होतो, मांस आपोआप फडफडतं, पण मुंग्या नाहीत आणि बधिरपणाही नाही. असं असेल तर थेट न्यूरॉलॉजिस्ट गाठावा.

एनसीव्ही (नसांची) आणि ईएमजी (स्नायूंची) या मुख्य तपासण्या. पहिलीत विजेचे छोटे झटके बसतात, दुसरीत स्नायूत बारीक सुई घालतात. उपाशी राहावं लागत नाही. त्या दिवशी अंगाला तेल-क्रीम लावायचं नाही, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगायचं. बी-१२, थायरॉइड, सीपीके यांच्यासोबत अँटी-जीएम१ ही रक्ततपासणी करायची का, हे डॉक्टरांना नक्की विचारा. मल्टीफोकल मोटर न्यूरोपथी नावाचा एक आजार वरून बराचसा असाच दिसतो, आणि त्याला इम्युनोग्लोब्युलिनच्या इंजेक्शनांनी उतार पडतो. शंका असेल तर केईएम, नायर, सायन किंवा जे. जे. रुग्णालयाच्या न्यूरॉलॉजी विभागात दुसरं मत घ्यावं. कोकणातून किंवा देशावरून येणाऱ्यांना राहण्यासाठी परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे.

रिल्यूझोल ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणाच्या तासभर आधी किंवा दोन तास नंतर. यकृताची तपासणी पहिले तीन महिने दर महिन्याला आणि पुढे वर्षभर दर तीन महिन्यांनी. अमेरिकेत हे औषध १९९५ मध्ये मंजूर झालं. चाचण्यांमध्ये त्याने आयुष्य सरासरी दोन-तीन महिन्यांनी वाढलेलं दिसलं, तेव्हा त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवावी. गोळी कुटून तोंडावाटे दिली तर जीभ बधिर होते आणि गिळणं आणखी अवघड होतं, हे मात्र फार कोणी सांगत नाही. दुसरं औषध एडॅरॅव्होन, शिरेतून ६० मिलिग्रॅम, तासभर चालवून. पहिल्या फेरीत सलग १४ दिवस आणि मग १४ दिवस सुट्टी. खर्च, शिरा शोधण्याचा त्रास आणि रोजची ने-आण यांचा हिशोब प्रत्येक घराने आपापला करावा.

एका बाबतीत मात्र हिशोब करायची गरजच नाही. स्टेम सेलने एएलएस बरा करतो म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांसारखे ठरलेले उपचार सोडले तर स्टेम सेलचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. फ्लॅट गहाण टाकून, गावची जमीन विकून असे उपचार घेतलेली घरं असतात. तेच पैसे पुढे पेशंट सांभाळणाऱ्या मावशीच्या पगाराला आणि मशीनला लागतात.

आता माणसं शोधण्याबद्दल. मोटर न्यूरॉन आजारासाठीच काम करणारी आशा एक होप फाउंडेशन ही नोंदणीकृत संस्था मुंबईत आहे. निदानाच्या पहिल्या महिन्यातच तिच्याशी बोलून घ्यावं. पहिल्या भेटीला शक्यतो घरातल्या सांभाळणाऱ्या माणसाने एकट्याने जावं. नुकतंच निदान झालेला पेशंट पहिल्याच दिवशी मास्क लावलेल्या माणसांना बघतो आणि घाबरून पुन्हा यायला तयार होत नाही. आपल्यापेक्षा सहा-आठ महिने पुढे असलेलं एखादं घर गाठायचं आणि त्यांना नेमकं विचारायचं: बायपॅप आणला तेव्हा श्वासाचा आकडा किती होता? नळी बसवल्यावर किती दिवसांत घरी सोडलं? कुठला तंत्रज्ञ रात्री फोन उचलतो? या प्रश्नांची उत्तरं कुठल्याही माहितीपत्रकात छापलेली नसतात.

दुसरा आधार आपल्या आळीतच असतो. अनेक गणेशोत्सव मंडळं आणि स्थानिक ट्रस्ट रुग्णसाहित्य केंद्र चालवतात. पलंग, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, हवेची गादी या वस्तू अनामत रकमेवर किंवा नाममात्र भाड्याने मिळतात. या आजारात गरज दर चार महिन्यांनी बदलते. काठी, मग वॉकर, मग चाकाची खुर्ची, मग पाठ वर करता येणारा पलंग. प्रत्येक वस्तू विकत घेतली तर दोन खोल्यांच्या घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. फक्त नेहमी अंगाला लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे खुर्चीवरची उशी, मानेचा पट्टा, मास्क, या स्वतःच्या मापाच्या घ्याव्यात.

व्हीलचेअर आणण्याआधी दारं मोजा. बैठक १८ इंचांची असली तरी दोन्ही बाजूंची मोठी चाकं धरून खुर्ची २५ इंचांच्या आसपास जाते, आणि जुन्या इमारतींत न्हाणीघराचं दार जेमतेम २४ इंचांचं असतं. म्हणून बाहेरसाठी मोठ्या चाकांची खुर्ची आणि घरात चार छोट्या चाकांची अरुंद कमोड खुर्ची, अशी विभागणी करावी लागते. लिफ्टच्या दाराचं आणि आतल्या लांबीचं मापही घ्यावं. पाय ठेवायच्या पट्ट्या निघत नसतील तर लहान लिफ्टमध्ये खुर्ची मावत नाही. पाऊल लोंबायला लागलं की न्हाणीघरातल्या सपाता बंद, मागे पट्टा असलेले सँडल सुरू. मान सैल झाली की टॅक्सीत बसताना मऊ पट्टा हवाच, कारण प्रत्येक गतिरोधकावर डोकं पुढे आपटतं. पेशंटला बगलेत हात घालून उचलायचं नाही. खांद्याचे स्नायू गेलेले असतात, सांधा जागेवरून सरकतो आणि मग महिनोन् महिने दुखत राहतो.

रात्री कूस बदलणं हे सांभाळणाऱ्यांचं सर्वांत मोठं ओझं. पाय हलवता येत नाही, पण चादरीची घडी टोचलेली पूर्ण कळते, म्हणून दर दीड-दोन तासांनी हाक येते. कमरेखाली सॅटिनची आडवी चादर घातली तर एकट्या माणसालाही वळवता येतं. हाक मारायला आवाज उरला नसेल तर बिनतारी डोअरबेलचं बटण, जो अवयव अजून हलतो त्याच्याखाली चिकटवावं: पायाचा अंगठा, गुडघा, गाल. दर आठवड्याला ते दाबलं जातंय ना, हे तपासावं.

खाण्याचं प्रकरण सावकाश वाचण्यासारखं आहे, कारण चुका इथेच होतात. आधी पाण्याचा ठसका लागतो, घट्ट पदार्थाचा नंतर. पातळ पदार्थ घशात वेगाने उतरतो आणि श्वासनलिकेचं झाकण वेळेवर मिटत नाही. म्हणून पाणी, चहा, पातळ ताक यांना घट्टपणा आणावा लागतो. औषधांच्या दुकानात त्यासाठी पावडर मिळते. आधी अर्धा-एक चमचा घालून ढवळायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि मग ठरवायचं. लगेच आणखी घातली तर त्याचा लगदा होतो. नाचणीचं सत्त्व, घट्ट दही, मऊ शिरा, मुगाची घोटलेली खिचडी, तूप घातलेली पिठलं-भाताची एकजीव पेस्ट, हे चालतं. दोन प्रकार एकत्र असलेलं सगळं धोक्याचं: पातळ वरणातली मोकळी शितं, मिसळीची तर्री आणि फरसाण, दुधात भिजलेले पोहे. पातळ भाग आधी सरकतो आणि दाणे मागे घोटाळतात. साबुदाणा चिकटतो, चिवडा-शेव विखुरते, टोमॅटोची साल टाळूला बसते. घास गिळताना हनुवटी छातीकडे झुकवायची, घास लहान, आणि जेवताना टीव्ही बंद. डोकं मागे टाकून पाणी ओतणं ही हमखास घात करणारी सवय आहे, आणि लाडाने पाणी पाजणारे नातेवाईक नेमकं तेच करतात.

वजन महिन्यातून दोनदा लिहून ठेवावं. उभं राहता येत नसेल तर दंडाचा आणि पोटरीचा घेर टेपने मोजावा. या आजारात शरीराला उष्मांक जास्त लागतात, त्यामुळे तूप-लोणी-शेंगदाणा कूट याबाबत हात आखडता घेऊ नये. मूळ वजनाच्या दहा टक्के घट झाली, एका जेवणाला पाऊण तास लागायला लागला किंवा ठसके रोजचे झाले, की पोटातल्या नळीचा, पेगचा, निर्णय घ्यायची वेळ आली. इथे श्वासाचं वेळापत्रक आड येतं. फुफ्फुसांची क्षमता, म्हणजे एफव्हीसी, ५० टक्क्यांच्या खाली गेल्यावर भूल आणि एंडोस्कोपी दोन्हींचा धोका वाढतो. "अजून थोडं तोंडाने जातंय" म्हणून थांबलेल्या घरांना पुढे नाकातल्या नळीवर भागवावं लागतं, आणि ती नळी मास्कखाली नीट बसत नाही, हवा गळते. नळी बसवली म्हणून तोंडाची चव बंद होत नाही. जेवढं सुखाने जातं तेवढं चाखायला द्यावं, पोट नळीने भरावं.

नळीने देताना पेशंट ३० ते ४५ अंशांत बसलेला हवा आणि नंतरही पाऊण-एक तास तसाच हवा. एका वेळी २०० ते २५० मिलिलिटर, १५-२० मिनिटांत, सिरिंजमधून आपोआप उतरू द्यायचं. दट्ट्या दाबून ढकललं की पोट फुगतं आणि उलटी होते. आधी आणि नंतर ५० मिलिलिटर कोमट पाणी. घरचं जेवण द्यायचं तर मिक्सरमधून काढून दोनदा गाळायचं. नळी तुंबते ती जिऱ्याने, कोथिंबिरीने आणि शेंगदाण्याच्या सालाने, म्हणून नळीच्या डाळीला फोडणी द्यायचीच नाही. गोळ्या एकेक करून कुटायच्या, जेवणात मिसळायच्या नाहीत. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटतच नाहीत, त्या डॉक्टरांकडून बदलून घ्यायच्या. तुंबलीच तर कोमट पाणी भरून वीस मिनिटं थांबायचं आणि सिरिंज हलकेच मागे-पुढे करायची. तार घालायची नाही. नळी निसटून आली तर पोटावरचं भोक काही तासांत आकसतं, तेव्हा रात्र असली तरी रुग्णालय गाठायचं. नळी बसवून महिनाही झाला नसेल तर ती घरी आत सारण्याचा प्रयत्न अजिबात करू नये, आतली वाट अजून पक्की झालेली नसते.

लाळेचे दोन प्रकार असतात आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. पातळ, ओघळणारी लाळ ग्लायकोपायरोलेट किंवा अॅमिट्रिप्टिलिनने कमी होते. पण घशात तारा धरणारा चिकट कफ असेल तर हीच औषधं तो आणखी घट्ट करतात. तिथे पाणी वाढवणं आणि सलाईनची वाफ उपयोगी पडते. कोणता प्रकार आहे हे डॉक्टरांना नीट सांगावं. लाळ-कफ ओढून काढणारं सक्शन मशीन ठसके वाढायला लागताच घरात असावं आणि त्याच्या शेजारी पायाने चालणारा सक्शन पंप ठेवावा, कारण वीज जायची वेळ आणि कफ अडकायची वेळ ठरवून येत नाहीत.

श्वासाबाबत घरं सगळ्यात जास्त उशीर करतात. याचं कारण बोटाला लावायचं ऑक्सिमीटर. त्यावर ९६ दिसतं आणि सगळे निर्धास्त राहतात. या आजारात फुफ्फुस चांगलं असतं, ते हलवणारा स्नायू थकलेला असतो. त्यामुळे ऑक्सिजन उतरायच्या कितीतरी आधी कार्बन डायऑक्साइड साठायला लागतो आणि तो त्या यंत्राला दिसत नाही. खुणा वेगळ्या असतात: सकाळी उठल्यावर डोकं जड, रात्री वारंवार जाग, दिवसा पेंग, उताणं झोपता न येणं, उशा दोनाच्या तीन होणं, बोलताना वाक्य मध्येच तुटणं. दर तीन महिन्यांनी एफव्हीसी बसून आणि झोपून, दोन्ही स्थितींत करून घ्यावी. ओठ घट्ट मिटत नसतील तर फुंकायच्या नळकांड्याभोवतून हवा गळते आणि आकडा उगाच कमी येतो. तेव्हा नाकाने जोरात श्वास ओढायची चाचणी विचारावी. एफव्हीसी ५० टक्क्यांखाली, किंवा रक्तातला कार्बन डायऑक्साइड ४५ च्या वर, किंवा वरच्या खुणा ठळक, यातलं एकही झालं की छातीच्या डॉक्टरांशी बायपॅपचं बोलणं सुरू करायचं.

नुसता ऑक्सिजन सिलिंडर किंवा कॉन्सन्ट्रेटर हे बायपॅपच्या बदल्यात चालत नाही. आकडा ९९ दिसतो, श्वासाची प्रेरणा मंदावते, कार्बन डायऑक्साइड चढतो आणि माणूस गुंगीत जातो. सीपॅपही नको, त्यात श्वास बाहेर सोडतानाही तेवढाच दाब असतो आणि थकलेला स्नायू आणखी थकतो. हवा तो बायपॅप एसटी मोडचा, म्हणजे पेशंटने श्वास घेतला नाही तर ठरलेल्या वेळी स्वतः श्वास देणारा.

पहिल्या रात्री सवय लागत नाही म्हणून कितीतरी मशीनं कपाटात जातात. सुरुवात दुपारी करावी. पेशंटला बसतं करून, मालिका बघताना पंधरा मिनिटं, मग अर्धा तास, मग दुपारची झोप, आणि मग रात्र. दाब कमी ठेवून हळूहळू वाढवायला तंत्रज्ञाला सांगावं. दोन वेगळ्या आकारांचे मास्क आलटून पालटून वापरले तर नाकाच्या दांड्यावर जखम होत नाही. तिथे आधीपासूनच हायड्रोकोलॉइडची, म्हणजे त्वचा जपणारी मऊ, पट्टी लावावी. पट्टा घट्ट केल्याने गळती थांबत नाही, बहुतेकदा मास्क उचलून पुन्हा बसवला की थांबते. हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड पाणी. फिल्टर आठवड्याला धुवायचा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवायचा. पावसाळ्यात तो दोन दिवस वाळत नाही, म्हणून जास्तीचा एक हवाच.

मुंबईत वीज क्वचित जाते, आणि म्हणूनच कोणाची तयारी नसते. साइनवेव्ह इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-अवरची बॅटरी असेल, ह्युमिडिफायर बंद ठेवला, तर बायपॅप रात्रभर सहज चालतो. पाणी तापवायलाच बरीच वीज खाल्ली जाते. जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्याचं सामान घरात असावं: सक्शनचे कॅथेटर (नळ्या), सिरिंज, डिस्टिल्ड पाणी, औषधं. पाणी भरल्यावर तंत्रज्ञ येऊ शकत नाही आणि रुग्णवाहिकाही अडकते.

खोकला निघत नसेल तर आंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबून श्वास भरायच्या पिशवीने, एकावर एक दोन-तीन श्वास भरून मग पोटावर दाब देऊन खोकवायचं तंत्र फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावं. सर्दीचे चार दिवस यावरच निभावतात. खोकायला मदत करणारं कफ असिस्ट मशीन महाग आहे, पण अशा वेळी दुसऱ्या घराकडून आठवडाभरासाठी मिळू शकतं. त्यासाठीसुद्धा ओळखी आधीच हव्यात.

बोलण्याची तयारी आवाज चांगला असतानाच करायची. फोनवर नेहमीची पन्नासेक वाक्यं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवावीत, त्यात नातवंडांना मारायची हाक आणि रागावणंही असू द्यावं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे चित्रांचं अॅप मराठी बोलतं. पण वीज नसतानाही चालतो तो पुठ्ठ्याचा तक्ता, आणि इथे आपली वर्णमाला मोठी सोय करून देते. पहिल्या ओळीत स्वर, मग क, च, ट, त, प यांच्या पाच-पाच अक्षरांच्या ओळी, आणि शेवटच्या दोन ओळींत य ते ज्ञ. समोरचा माणूस ओळीचा आकडा म्हणतो, "एक, दोन, तीन…" पेशंट हव्या त्या आकड्याला नजर वर करतो. 'पाणी' म्हणायचं तर सहाव्या ओळीला नजर वर, मग पहिल्याच अक्षराला. काना-मात्रा विचारत बसलं की सगळेच थकतात, म्हणून घरं नुसती व्यंजनं घेतात आणि ओळखतात: प, ण. ङ आणि ञ लागतच नाहीत. त्या दोन चौकटींत 'कूस बदला' आणि 'लाळ काढा' असं लिहायचं. होकाराची खूण नजर वर, नकाराची डोळे लांब मिटणं. नुसती पापणी लवणं ही खूण ठेवू नये, ती आपोआपच लवते. आणि शब्द अर्धा झाला असताना आपण तो घाईने पुरा करू नये. चुकीचा पुरा केला की पेशंटला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

काहींना आवर न घालता येणारं रडू किंवा हसू येतं. मर्तिकाच्या घरी हसू फुटतं आणि नातेवाईकांचा गैरसमज होतो. तो आजाराचा भाग आहे, त्याला औषध आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवावं.

कागदपत्रांत पहिलं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत एएलएस नावाने नाही, त्यामुळे प्रमाणपत्र हालचालीच्या दिव्यांगत्वाखाली मिळवतात. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग नेमून दिलेल्या सरकारी किंवा महापालिका रुग्णालयात तपासणी. ईएमजीचा मूळ अहवाल सोबत न्यावा. पेशंट दोन तास बाकावर बसू शकतो तोवरच हे उरकावं. टक्केवारी त्या दिवशीच्या अवस्थेवर ठरते. आजार वाढल्यावर पुन्हा तपासणीचा अर्ज करता येतो. प्राप्तिकराच्या १९६१ च्या कायद्यात (लागू मार्च २०२६ पर्यंत) ८०डीडीबी कलमाच्या आजारांच्या यादीत मोटर न्यूरॉन डिसीज नावानिशी आहे. जुन्या करप्रणालीत न्यूरॉलॉजिस्टच्या चिठ्ठीवर ४०,००० रुपयांपर्यंत आणि ज्येष्ठांसाठी १,००,००० रुपयांपर्यंत खर्चाची वजावट. खाती 'दोघांपैकी कोणीही' अशी करून घ्यावीत, मृत्युपत्र सही चालते तोवर करावं. सही गेलीच असेल तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे हाताचा किंवा पायाचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर चालतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. शाखेत हे ठाऊक नसेल तर व्यवस्थापकांना लेखी पत्र द्यावं.

घशाला भोक पाडून व्हेंटिलेटर घ्यायचा की नाही, हा निर्णय आयसीयूच्या दारात उभं राहून घ्यायचा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जिवंतपणीचं इच्छापत्र मान्य केलं आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा असतो. तक्त्यावरून का होईना, हे पेशंटकडून एकेक अक्षर विचारून घ्यावं.

ब्युरोची मावशी किंवा मामा येतात ते सहसा पक्षाघाताचे पेशंट सांभाळून आलेले. नवी मावशी आली की पहिले तीन दिवस घरच्या माणसाने सोबत राहावं. भिंतीवर मराठीत मोठ्या अक्षरांत एक कागद हवा: यांना सगळं कळतं, बोलता येत नाही. सपाट उताणं झोपवू नका. नुसता ऑक्सिजन लावू नका, मशीन लावा. नजर वर म्हणजे हो. त्याचीच इंग्रजी प्रत रुग्णालयाच्या पिशवीत ठेवावी, आणि तीत भूल देणाऱ्यांसाठी एक ओळ वाढवावी, की सक्सिनिलकोलिन हे स्नायू सैल करणारं औषध देऊ नये.

माणूस गेल्यावर त्या घरात मशीन उरतं. तेराव्याच्या आधी त्याबद्दल कोणी फोन करायचा नाही, हा आमच्यातला नियम आहे, समोर कितीही गरजू घर असलं तरी. नंतर घेणाऱ्याने मशीन किती तास चाललंय ते पडद्यावर बघावं, मास्क, नळी, फिल्टर आणि पाण्याचं भांडं नवं घ्यावं, आणि आधीच्या पेशंटचे दाब तंत्रज्ञाकडून बदलून घेतल्याशिवाय एक रात्रही वापरू नये. आवाज कमी करणारा आतला फोम झिजत असल्यामुळे फिलिप्सने जून २०२१ मध्ये काही जुनी बायपॅप मशीनं परत मागवली होती, तेव्हा त्या कंपनीचं जुनं यंत्र असेल तर क्रमांक तपासावा. आणि देणाऱ्यांचं मन अजून होत नसेल तर घाई नाही. मशीन कपाटात राहू द्यावं, फक्त पाण्याचं भांडं काढून कोरडं करावं आणि बॅटरी दोन महिन्यांतून एकदा चार्जिंगला लावावी.